होळीच्या सुमारास मराठवाड्यात हरणं आणि त्यांची पाडसं कुठे दिसतील? पाडस एकटं सापडलं तर उचलून आणावं का?

जागा सांगतो. धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्याकडची माळरानं आणि येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य, बीडमध्ये पाटोद्याजवळचं नायगाव. नायगाव राखलंय मोरांसाठी, पण तिथं चिंकारा हे छोटं हरणही आहे. तांबडं फुटायच्या आत पोचा आणि गाडी रस्त्यावरच ठेवा.

पण मी लिहायला बसलोय तो तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. उचलून आणावं का? नाही. अजिबात नाही.

काळविटाची मादी व्याली की पहिले काही आठवडे पाडसाला गवतात नाहीतर उभ्या पिकात दडवून ठेवते आणि स्वतः लांब चरते. तिच्यामागं लांडगा-कुत्र्याची नजर पिल्लाकडं जाऊ नये म्हणून. पाजायला तेवढी येते. म्हणजे एकटं पाडस दिसणं हीच नेहमीची गोष्ट आहे. ते पोरकं नसतं.

आमच्या रानात ज्वारी काढायला बायका लागल्या होत्या. उपटून आडवी टाकत चालल्या होत्या, आणि एका तासात, म्हणजे ज्वारीच्या एका ओळीत, पाडस निघालं. मी वाकून पाहिलं. मान जमिनीला चिकटवून लांब केलेली, कान मागं पाडलेले, डोळ्याच्या कडेला माशी बसलेली तरी पापणी हलेना. नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. मी म्हणालो, एवढा तुकडा सोडा, उद्या काढू. माझे थोरले चुलतभाऊ, आमचे दादा, म्हणाले, "आई टाकून गेलीय, कुत्री फाडतील." उपरण्यात गुंडाळून त्यांनी ते घरी आणलं. मी लहान, माझं कोण ऐकणार!

घरी निम्मं गाव जमलं. पोरांनी मांडीवर घेतलं, गाईचं दूध बाटलीनं पाजलं. त्याला हगवण लागली आणि दोन-चार दिवसांत ते गेलं. दादा आजही पाव्हण्यारावळ्यांत सांगतात की आम्ही जीव लावला, पण मुळातच अशक्त होतं. अशक्त नव्हतं. भुकेलं पाडस ओरडतं, हे तर चिडीचूप पडून होतं.

आणि दादा एक गोष्ट कधीच सांगत नाहीत. त्याच संध्याकाळी आमचा सालगडी पेंढ्या बांधत होता. त्यानं हरणी पाहिली. मोकळ्या झालेल्या रानात ती नेमकी त्याच तासावर येऊन हुंगत होती, पुढं जायची, परत तिथंच यायची. दुसऱ्या दिवशीही आली. टाकून गेलेली आई अशी येते का?

कुत्र्यांचं म्हणाल तर रानात कुत्री आमचीच होती. बांधून ठेवली असती तर भागलं असतं. ज्वारीच्या चार ओळी दोन दिवस उभ्या राहिल्या असत्या तर नुकसान किती? पेंढी-दोन पेंढ्या. कायद्याचं तर मी बोललोच नाही: १९७२च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, पाडस घरी ठेवणं हा गुन्हा आहे. दादांना हेही सांगून झालंय. "आम्ही काय मारायला आणलं होतं का?" हे त्यांचं उत्तर.

तेव्हा पाडस दिसलं तर तिथून निघा, फोटोसाठी जवळ बसू नका. तुम्ही हलल्याशिवाय आई येत नाही. खोकडाचं, म्हणजे छोट्या कोल्ह्याचं, बीळ सापडलं तरी हेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं तोंडाशी खेळायला येतात, पण तुम्ही बिळाजवळ उभे राहिलात तर आई पिल्लं दुसरीकडं हलवते.

कुणी आधीच उचलून आणलं असेल तर लगेच त्याच जागी नेऊन ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, असं आमच्याकडं सर्रास म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. हां, पाडस जखमी असेल, विहिरीत पडलं असेल किंवा आई समोर मेलेली दिसत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही स्वतः दूध पाजत बसू नका, वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा. आणि हे उत्तर आमच्या दादांपर्यंत कुणी पोचवलं तर माझी काहीच हरकत नाही.