“तुझं दूधच पातळ आहे” असं घरचे म्हणतात तेव्हा

“मॅडम, पोरगी काहीच खात नाही. माह्यं दूधच पातळ हाय म्हणतात सारे.”

यवतमाळकडच्या खेड्यांतल्या आया ही काळजी मला नेहमी सांगतात. दूध पातळ नसतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीचं पाणीदार दिसतं, मागून येणारं स्निग्ध असतं. पण सहा महिन्यांनंतर नुसतं दूध कोणत्याच बाळाला पुरत नाही, मग ते कितीही चांगलं असो. एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिची मुलगी दहा महिन्यांची, वजन 6 किलो 400 ग्रॅम. वाढीच्या कार्डावर पिवळा पट्टा, म्हणजे वयाच्या मानानं वजन कमी. दंडाचा घेर 12.1 सेंटिमीटर, म्हणजे मध्यम कुपोषण. अंगणवाडीताईंनी समजावलेलं सगळं तिला पाठ होतं: घट्ट वरणभात, वरून चमचाभर तेल, भाजी, दिवसातून तीन-चार वेळा आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध. तिला आणखी काय शिकवायचं होतं?

पण कापूस वेचणीचे दिवस होते. ती सकाळीच वावरात जायची, दिवस बुडता परत यायची. दिवसभर मुलगी आजीजवळ. आजी वरणाचं वरचं पाणी पाजायची आणि रडली की चहात बिस्किट बुडवून द्यायची. शेजारणीचा मुलगा बाटलीच्या दुधावर गुटगुटीत, त्याच्याशी रोज तुलना. माहेरून फोन आला की आई तिसरंच सांगायची. नवऱ्यानं मोबाइलवर जाहिरात पाहून पावडरीचा महागडा डबा आणला होता. आणि एवढं करून वजन वाढलं नाही, की बोल मात्र हिलाच.

या ठिकाणी आईलाच पुन्हा आहाराचे धडे देणं मला अन्यायाचं वाटतं. बाळाच्या ताटाचा निर्णय तिच्या हातात नसतो, जबाबदारी मात्र तिची एकटीची धरली जाते. म्हणून मी घरी गेले आणि आधी सासूबाईंजवळ बसले. त्यांच्या वेळची लेकरं कशी वाढली ते विचारलं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “माह्या दुसऱ्या पोराले घट्ट चारलं होतं. पावसाळ्याचे दिवस. हगवणीनं गेलं थे.”

घट्ट खाणं पचत नाही, हा त्यांचा हट्ट त्या मुलाच्या मरणातून आला होता. त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकणं मला जमलं नाही, जमूही नये. मी म्हटलं, “माय, तुमची चूक नव्हती. हगवण घट्टपणानं होत नाही. दूषित पाणी, न धुतलेले हात, सकाळचं उरलेलं अन्न, यानं होते.” आता जुलाब झालेच तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात, झिंक 14 दिवस द्यायचं आणि खाणं थांबवायचं नाही, हेही सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

मग चुलीजवळच दाखवलं. एवढ्या बाळाच्या पोटात एका वेळी पाऊण वाटीच्या आसपासच मावतं. ते वरणाच्या पाण्यानं भरलं तर जेवणाला जागाच राहत नाही. चमचा तिरपा केल्यावर ओघळणार नाही इतकं घट्ट वरणभात कुस्करायचं, वर तेल किंवा शेंगदाण्याचं बारीक कूट. अख्खा दाणा नाही, घशात अडकतो. चहा बंद, कारण त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. दिवसाचं चारणं आजीच्याच हातात ठेवलं. सून सकाळी ताजं शिजवून जाईल, दुपारचं आजी ताजं शिजवेल, असं दोघींचं ठरलं. नवऱ्याला एवढंच सांगितलं की डब्याच्या पैशात घरात अंडी, दाणे आणि गूळ येतो.

सगळंच मानलं गेलं असं नाही. अंडं उष्ण पडतं, असं आजींचं म्हणणं कायम राहिलं. मी ते ताणलं नाही. वरण, दाणे आणि दूध घरात होतंच. महिन्याभरानं वजन 6 किलो 850 भरलं. अंगणवाडीत बाळांची वजनं होतात त्या पुढच्या पोषण दिवसाला शेजारणीनं पुन्हा तुलना काढली, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, “आमची पोरगी आता वाटीभर खाते, तिच्या मायले बोलू नका.” सून काही बोलली नाही, पण मुलीला कडेवर घेऊन ती पहिल्यांदाच वजनकाट्याकडे स्वतःहून गेली.

तुमच्या घरी असंच चालू असेल तर अंगणवाडीत एकट्या जाऊ नका, बाळ दिवसभर ज्यांच्याजवळ असतं त्यांना सोबत न्या. वजन त्यांच्यासमोर करा, कार्ड त्यांच्या हातात द्या. आणि दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, दोन्ही पायांवर सूज दिसली किंवा बाळानं खाणं-पिणं सोडलं, तर घरातल्यांचं एकमत व्हायची वाट पाहू नका. आशाताईंना घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे कुपोषित बाळांवर उपचार होतात तिथं, भरती करायचं का, हे तिथं विचारा.