खोक्यावरचे जीबी, लेबलावरचे वॉट : गेमिंग संगणकाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत ‘कोणते ग्राफिक्स कार्ड घेऊ?’ एवढेच विचारले आहे. मॉनिटर कोणता आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कोणता, हे कळवणारे पत्र एखादेच. ज्यांनी ते कळवले आहे, त्यांच्यापासून सुरुवात करतो.

प्रश्न (गिरगाव) : घरी २०१४ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. प्रोसेसर आय-५ ४४६०, रॅम ८ जीबी, मॉनिटर साधा १०८०पी, आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस. वडिलांनी ३५,००० रुपये मंजूर केले आहेत. आरटीएक्स ५०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवले तर नवे गेम चालतील का?

उत्तर : कार्ड स्लॉटमध्ये बसेल आणि डिस्प्लेही बहुधा येईल, तरी ते आज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एसएमपीएस पाहा. कॅबिनेटची बाजूची पत्री काढून त्याच्या लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना लागणारी जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या तारांतून जाते. कॅबिनेटसोबत फुकटात येणाऱ्या एसएमपीएसवर ठळक आकडा ४५० चा असतो आणि रकान्यात मात्र १८ अँपिअर लिहिलेले आढळतात. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॉट. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यावर दाखवलेले असतात, ज्यांचा गेम खेळताना फारसा उपयोग नाही. आरटीएक्स ५०६० ला एकट्याला १४५ वॉट लागतात आणि तुमचा प्रोसेसर ८४ वॉटचा आहे. या दोघांचीच बेरीज २२९ होते. लेबल खरे बोलत असले तरी ही परिस्थिती आहे, आणि अशी लेबले नेहमी खरे बोलतात असे नाही. दुकानदार जुन्या चार पिनांच्या दोन वायरी जोडून कार्डाची आठ पिनांची वायर करून देईल, तर ती नको म्हणावे. कनेक्टर जळल्याचा वास मी त्याच जोडणीजवळ घेतलेला आहे.

एसएमपीएस बदलला तरी प्रोसेसरचा प्रश्न उरतोच. आय-५ ४४६० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी चारच कामे हाताळतो. जवळ एखादे जुने कार्ड असेल, किंवा मित्राकडून एका संध्याकाळपुरते आणता आले, तर एक प्रयोग करून पाहा. गेममध्ये फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रे दिसतात तो) दिसू द्या, मग रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, १०८०पी वरून ७२०पी वर आणा. आकडा चांगला वाढला तर कार्ड कमी पडत होते. जागचा हलला नाही तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसले आहे, आणि त्या ठिकाणी कितीही महागडे कार्ड आणले तरी ते वाटच पाहणार. शिवाय ५०६० हे कार्ड सोळापैकी आठच पीसीआयई लेन (मदरबोर्डाशी माहितीची ने-आण करणाऱ्या वाटा) वापरते. तुमचा मदरबोर्ड फार तर पीसीआयई ३.० चा असल्यामुळे ४.० च्या मदरबोर्डावर त्याला जी रुंद वाट मिळाली असती, तिच्या फार तर निम्मीच येथे मिळेल. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर हा फरक जाणवत नाही. ती भरून वाहू लागली की जाणवतो.

म्हणून हे पैसे पायावर घालावेत : आय-५ १२४०० (एफ अक्षर नसलेला, कारण त्यातच साधे ग्राफिक्स असते आणि कार्डाविना डिस्प्ले येतो), त्याला चालेल असा मदरबोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले असल्यामुळे हिशेब ओढाताणीचा होईल. तरी ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी ‘नंतर टाकू’ असे करू नका, कारण एका पट्टीवर रॅमचा वेग निम्मा मिळतो आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला तर तो पावलोपावली नडतो. कार्ड दिवाळीला घ्या. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तुमचा आताचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, हे वडिलांना सांगितल्यास दिवाळीचे पैसे मंजूर होणे सोपे जाईल.

प्रश्न (मुलुंड) : मुलगा अकरावीत आहे. त्याच्यासाठी २७ इंची १४४०पी मॉनिटर आधीच घेतला आहे. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळते. दुकानदार म्हणतो, ८ पुरेसे आहे. मुलगा म्हणतो, १६ च हवे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : ताई, या वेळी मुलाचे ऐका.

१०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, तर १४४०पी पडद्यावर सुमारे ३६.९ लाख. प्रत्येक फ्रेमला पावणेदोन पटींहून थोडे अधिक ठिपके रंगवायचे असतात आणि त्यांना शोभतील असे तपशीलवार टेक्स्चर, म्हणजे भिंती, कपडे, माती यांच्या पृष्ठभागांची चित्रे, कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागतात. ती मेमरी अपुरी पडली तर गेम बंद पडतो असे नव्हे. चित्रे संगणकाच्या साध्या रॅममध्ये ठेवून लागतील तशी आणली जातात आणि प्रत्येक फेरीला खेळ क्षणभर अडखळतो. दुकानात दाखवला जातो तो सरासरी फ्रेमचा आकडा यात फसवा ठरतो. सरासरी ७० दिसते, पण वळणावर गाडी वळवताना नेमका तेव्हाच पडदा गोठतो. काही गेम अडखळण्याऐवजी मुकाट्याने हलक्या दर्जाची चित्रे वापरतात, आणि मग समोरची विटांची भिंत जवळ गेल्यावरही पाण्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसते. ही तक्रार कार्डाविरुद्ध कोणी करत नाही, गेमविरुद्धच होते.

खरेदीच्या वेळी एक काळजी घ्या. दोन्ही प्रकारांचे नाव एकच आहे आणि खोकी बरीचशी सारखी दिसतात. बिलावर केवळ ‘५०६० टीआय’ न लिहिता ‘१६ जीबी’ असे लिहून घ्या. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीबाबतही हेच, तेही ८ आणि १६ अशा दोन प्रकारांत येते. त्या दोहोंतले १६ जीबीचे जे स्वस्त पडेल ते घेतले तरी माझी हरकत नाही. शाळा-महाविद्यालयाच्या कामासाठी थ्रीडी रेंडरिंगही करायचे असेल, तर मात्र आरटीएक्स बनवणाऱ्या एनव्हिडियाकडे झुकावे, कारण त्या क्षेत्रातली पुष्कळ सॉफ्टवेअरे तिच्याच कार्डांवर अधिक चांगली चालतात.

मात्र जीबीचा हा युक्तिवाद उलटा लावू नये. जास्त जीबी म्हणजे जास्त ताकद नव्हे. आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी आहेत आणि तिच्याहून वेगवान ३०६० टीआयला ८. लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकबाजारात अजूनही कोणी ‘४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड’ म्हणून जीटी ७३० पुढे केले, तर ते २०१४ च्या पिढीचे कार्ड आहे आणि त्याला जोडलेली डीडीआर३ मेमरी इतकी संथ आहे की ते ४ जीबी भरण्याआधीच कार्ड दमते.

प्रश्न (परळ) : नवा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आणि आरएक्स ७६०० घेतले, पण गेम जुन्या संगणकाइतकाच रडतखडत चालतो. कार्ड खराब आहे का?

उत्तर : संगणकाच्या मागे जाऊन पाहा. मॉनिटरची वायर वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी लावलेली असेल, तर ती मदरबोर्डात आहे आणि चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या मार्गाने येत आहे. ती खाली आडव्या खाचांजवळ, कार्डाच्या तोंडाशी लावा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० ऐवजी १४४ हर्ट्झ निवडा, ते आपोआप होईलच असे नाही. माझ्याकडे ‘खराब’ म्हणून आणलेल्या कार्डांपैकी कितीतरी या दोन मिनिटांत बरी झाली आहेत.

प्रश्न (बोरिवली) : सेकंड हँड कार्ड निम्म्या किमतीत मिळत आहे. मायनिंगसाठी वापरलेले असेल तर टाळावे का?

उत्तर : १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या डिजिटल नाण्याची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते नाणे काढणे, म्हणजेच त्याचे मायनिंग, बंद झाले, तेव्हा ढिगाने बाजारात आलेली कार्डे अजून हातोहात फिरत आहेत. निव्वळ मायनिंगमुळे मी कार्ड नाकारणार नाही. स्थिर तापमानावर सतत चाललेली चिप बरी असते, झिजतात ते पंखे आणि सुकते ती थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप). मी नाकारतो ते न चालवता विकले जाणारे कार्ड.

एकदा मीच फसलो आहे. एका दुकानातून आरएक्स ५८० म्हणून कार्ड आणले, घरी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडले, तर शेडरच्या (चित्र रंगवणाऱ्या छोट्या गणकांच्या) रकान्यात २३०४ ऐवजी २०४८. त्याच नावाची ती कमी ताकदीची आवृत्ती होती. परत गेलो तेव्हा कच्च्या चिठ्ठीवर फक्त ‘५८०’ लिहिले होते, त्यामुळे बोलायला तोंड उरले नाही. म्हणून पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड घेऊन जावे, विकणाऱ्याच्याच संगणकावर अर्धा तास गेम चालवून घ्यावा, आणि पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकडी चमकते का ते पाहावे. आपल्या शहरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते : कार्डाची धातूची पट्टी आणि एचडीएमआयचे तोंड. तेथे गंज किंवा हिरवट पूड दिसली, तर ते समुद्राच्या हवेत बरेच दिवस उघडे पडून होते, आणि आतल्या सर्किट बोर्डावर काय झाले असेल ते बाहेरून कळत नाही. मूळ पक्के बिल मागा. अनेक कंपन्यांची वॉरंटी त्याविना पुढे सरकत नाही.

प्रश्न (वर्सोवा) : आमचे घर किनाऱ्याजवळ आहे. पावसाळ्यात संगणक कसा सांभाळावा? एसी लावून खेळलेले चांगले ना?

उत्तर : एसी चालू असेपर्यंत चांगलेच, अडचण एसी बंद केल्यानंतर येते. जुलैमध्ये बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो) २६ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर २३ अंशांत बंद पडून राहिलेल्या कॅबिनेटची पत्री, कार्डाचे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंख, सगळे त्या बिंदूच्या खाली गेलेले असते. सकाळी खिडकी उघडली की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरते तसे दव त्यावर धरते, त्यात हवेतले मीठ मिसळते, आणि त्याच वेळी कोणी बटण दाबतो. खिडकी उघडल्यावर तासभर थांबून मग संगणक सुरू करा. चालू असलेला संगणक स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो, त्यामुळे पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा चालवणे हिताचे.

कॅबिनेट पुढून जाळीचे घ्यावे, काचेचे नव्हे, आणि टेबलाच्या बंद कप्प्यात तर ते मुळीच ठेवू नये, मग घर कितीही लहान असो. जाळीमागची गाळणी पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवून लावा. उन्हाळ्यात पंख्यांचा आवाज घरच्यांना सहन होत नसेल, तर कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून पाहा. फ्रेम त्या प्रमाणात घटत नाहीत, आवाज आणि उष्णता मात्र लक्षात येण्याइतकी उतरते.

प्रश्न (चेंबूर) : घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे. नव्या गेमिंग संगणकाला तो चालेल का?

उत्तर : व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे वॉट नव्हेत. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. १८० वॉटचे कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेमच्या भरात तेवढ्याच्या काठावर येतात. मुंबईत वीज फारशी जात नाही, पण क्षणभर जरी गेली आणि यूपीएसने भार पेलला नाही, तर तो असून नसल्यासारखाच. १,००० व्हीएचा घ्या. आणल्यावर गेम सेव्ह करा, तो चालू ठेवा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहा : संगणक तसाच चालत राहिला तर दोघांचे जमले. लेझर प्रिंटर मात्र त्याला जोडू नका.