जुन्या बुलेटची ॲल्युमिनियमची कव्हरं पांढुरकी पडली आहेत. चमक परत कशी आणायची आणि पावसाळ्यात टिकवायची कशी?

तो पांढरा थर म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. नुसतं पॉलिश घासून तो नीट जात नाही. आधी इंजिन गार असताना रॉकेल आणि ब्रशने तेलकट घाण काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. कॉस्टिक सोडा चुकूनही वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो.

मग वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर), तोही ओला ठेवून: आधी 400 नंबरचा, मग 800, 1200, शेवटी 2000. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. इथे घाई केली तर पॉलिश केल्यावर तेच ओरखडे जास्त चमकतात. यानंतर मेटल पॉलिश लावा. फडकं काळं होणारच, तेव्हा शेवटी स्वच्छ सुती कापडाने पुसा.

बफिंगवाल्याकडे (मशीनच्या फिरत्या चाकावर पॉलिश करणाऱ्याकडे) द्यायचं असेल तर टायमिंग कव्हरची, म्हणजे इंजिनच्या टायमिंग गिअरवरच्या झाकणाची, जास्त काळजी घ्या. त्यात ऑइलच्या वाटा असतात. बफिंगचा मसाला आत राहिला तर तो ऑइलबरोबर थेट बिग एंडपर्यंत, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगपर्यंत, जातो. परत आल्यावर प्रत्येक भोक रॉकेलने धुऊन हवा मारा, मगच बसवा.

लॅकर, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक थर, मी सुचवणार नाही. उष्णतेने तो पिवळा पडतो आणि एकदा कड सुटली की पाणी खाली शिरतं. त्यापेक्षा कारचं साधं वॅक्स बरं. पावसाळ्यात आणि समुद्राकाठी ते वरचेवर लावा, पण ब्रेकपासून लांब ठेवा.

क्रोमच्या भागांना मात्र वॉटर पेपर अजिबात लावू नका.