आबांना काय हवंय?

लेकरा,

तुझा मेसेज वाचला. ‘सर, मोबाईलवर मी आबांचं सोंग घेतो ते व्हिडिओ लोकांना एवढे आवडतात, मग त्याच आबांचा रंगमंचावरचा एकपात्री प्रयोग का पडला? बीडच्या लोकांना बसून बघायची सवयच राहिली नाही,’ असं तू लिहिलंस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पण ते दुसरं वाक्य आधी मनातून काढून टाक. ते खरं नाही, आणि तेच धरून बसलास तर लातूरचा प्रयोगही असाच जाईल.

आपल्याकडे गावोगाव सप्ते होतात. रात्री नऊच्या सुमारास कीर्तन उभं राहतं, अकरापर्यंत चालतं, आणि असं सात दिवस. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई लेकरू मांडीवर घेऊन दोन तास ऐकते. समोर एक माणूस उभा, मागे टाळकरी आणि मृदंग, बाकी काही नाही. ज्या मुलखात हे चालतं, तिथल्या माणसांना बसता येत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्या दिवशीही माणसं बसायला तयार होऊनच आली होती. मी त्यांच्यातच होतो.

माझ्या पुढच्या रांगेत गेवराईकडचं एक कुटुंब होतं, आजोबा, सून आणि दोन नातवंडं. तुझे आबा धोतराचा सोगा सावरत आले तेव्हा आजोबा मांडीवर थाप मारून हसले. ‘कामून बोंबलायलास रे?’ म्हणालास, सभागृह उसळलं. दुसऱ्यांदा म्हणालास, तेव्हाही हसले. तिसऱ्यांदा तू तोंड उघडायच्या आतच लोकांनी ते वाक्य म्हणून टाकलं. तू खूश होऊन दोन्ही हात वर केलेस. मला मात्र तिथेच धस्स झालं. लोक तुझ्या पुढे जाऊन उभे राहिले होते आणि तिथून त्यांना कुठे न्यायचं हे तू ठरवलेलंच नव्हतं. थोड्या वेळानं आजोबांनी सुनेला शेवटच्या एसटीची वेळ विचारली.

आता म्हणशील, तेच वाक्य पुन्हा म्हणणं चूक का? अजिबात नाही. पैठणच्या नाथांचं ‘विंचू चावला’ आपण लहानपणापासून ऐकतो, सोळाव्या शतकातलं आहे, पुढची ओळ प्रत्येकाला माहीत असते. तरी भारूडकरी उभा राहिला की माणसं गोळा होतात, कारण त्यात काहीतरी पुढे सरकत असतं. विंचू चावतो, वेदना चढते, माणूस घामाघूम होतो, मग उतारा सापडतो. सोंग हसवतं आणि हसवता हसवता माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतं. तुझे आबा पहिल्या मिनिटाला जिथे उभे होते तिथेच शेवटच्या मिनिटाला उभे होते.

मोबाईलवर हे खपून जातं. दीड मिनिटाच्या व्हिडिओत एक प्रसंग, एक राग, एक वाक्य पुरतं. बघणारा चहा पिता पिता बघतो आणि पुढे सरकवतो. भुवई उडाली तरी कॅमेरा ती टिपतो. रंगमंचावर तू असले पंधरा-वीस तुकडे एकामागून एक ठेवलेस. तुकडे वाईट नव्हते, दोन तर फार चांगले होते. पण आबांना काय हवंय हे दीड तासात कुणालाच कळलं नाही. चिडतात, टोमणा मारतात, निघून जातात. घरून गाडीभाडं घालून आलेल्या माणसाला आबा भेटायला हवे होते, त्याला आबांचे डायलॉग भेटले. प्रयोगानंतर लोकांनी नाराजीनं लिहिलं, ती नाराजी एवढ्याचीच.

लक्ष्मण देशपांडे आपल्याच मराठवाड्याचे, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे. 1979 पासून ते ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्यानं करत होते, 52 पात्रं एकाच माणसात, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सगळे त्या आकड्याचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मी तुला वेगळीकडे बघायला सांगतो. प्रयोगाच्या नावातच एक प्रवास आहे. गावाकडचं वऱ्हाड निघालंय आणि ते पोचायचंय. पात्रं कितीही बदलोत, प्रेक्षकाच्या मनात तो धागा चालू राहतो. तुझ्याकडे 52 नाहीत, एकच पात्र आहे. म्हणजे तुला तर धागा जास्तच घट्ट लागणार.

तो कुठून आणायचा? तुझ्या आबांच्या घरातूनच. तूच एका व्हिडिओत म्हणालास की आबांचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. तेवढंच म्हणून तू पुढे गेलास. अरे, सगळा प्रयोग तिथे आहे! पाच-सहा महिने घरात आबा आणि शाळेत जाणारी नात. नातीला दोन वेण्या घालून, वर लाल रिबिनी बांधून शाळेत जायचंय, बाई रोज तपासतात. आबांना वेणी घालता येत नाही. गावाला ज्यांनी जन्मभर अक्कल शिकवली, ते शेजारणीला ‘शिकव’ म्हणणार नाहीत. मग बैलाच्या वेसणीची गाठ मारून बघतील, चऱ्हाटाचा पीळ आठवतील, पोरगी ओरडेल, आणि तेव्हा आबांच्या तोंडून ‘कामून बोंबलायलीस?’ आलं की बघ सभागृहाचं काय होतं ते. तेच वाक्य, पण आता त्यात घाबरलेला म्हातारा आहे. रात्री कारखान्यावरून फोन येतो, आई विचारते, ‘वेणी कोण घालतंय गं?’ त्यावर पोरगी काय सांगते, ते तू लिही. मी सांगणार नाही.

मधेच आबांचं सोंग सोडून ‘मी इथपर्यंत कसा पोचलो’ हे स्वतःच्या आवाजात पाऊण तास सांगितलंस, ते काढ. तुझा संघर्ष खरा आहे, मला माहीत आहे. पण लोक त्या संध्याकाळी तुला भेटायला आले नव्हते. कपडे बदलताना पडद्यावर जुने व्हिडिओ लावलेस, तेही बंद कर. जे घरी फुकट दिसतं ते तिकीट काढून बघताना माणसाला अपमान वाटतो. कपडे बदलायचेच असतील तर लोकांसमोर बदल, आबांच्या पद्धतीनं, तक्रार करत.

कॉलर माइक उपरण्याखाली लावू नकोस. उपरणं झटकलंस की खरखर होत होती आणि वाक्याची शेपटी, म्हणजे नेमकी हशाची जागा, गिळली जात होती. आणि हशा आला की थांब. मोबाईलसमोर थांबावं लागत नाही म्हणून तुला ती सवय नाही. हशा चढू दे, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाक. नजरही एकाच जागी खिळलेली होती, जणू समोर स्टँडवर फोन आहे. मागच्या बाकावरच्या माणसाकडेही आबांनी डोळे वटारून बघितलं पाहिजे.

अजून एक, आणि हे मला फार लागलं म्हणून लिहितो. शेवटच्या भागात तू फक्त बोलीवर हशे घेऊ लागलास. ‘करायलाव’, ‘बसायलाव’ असं ताणून ताणून म्हणायचं आणि थांबायचं. पुण्यात त्याला हसतील. बीडमध्ये समोरचा माणूस घरी असंच बोलतो. त्याच्या बोलण्यात विनोद असतो तो त्याच्या डोक्यामुळे. आबा हुशार आहेत म्हणून त्यांची बोली गोड लागते, हे विसरू नकोस.

लातूरची तारीख आयोजकांना सांगून महिनाभर पुढे ढकल. दीड तासाचा सव्वा तास कर. ज्यांनी नाराजीनं लिहिलं त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यातल्या दोघा-तिघांना फोन करून एवढंच विचार की कंटाळा कुठून आला. नंतर तुझ्याच गावात, शाळेच्या ओसरीवर, तीस-चाळीस माणसांसमोर, माइक आणि कॅमेरा न लावता करून बघ. त्याआधी वेणीचा प्रसंग लिहून मला पाठव, बाकी काही नको. आणि लिहिण्याआधी एखाद्या पोरीच्या डोक्याला तेल लावून खरोखर वेणी घालून बघ, हाताला कळल्याशिवाय ते लिहिता यायचं नाही.

तुझा,
सर