शेल्टरमधून कुत्रं आणताय? आधी एवढं बघ

भावा, पिल्लाचाच हट्ट नको. दोन-तीन वर्षांच्या गावठी कुत्र्याचा स्वभाव आधीच कळतो. आणताना लसीचं कार्ड घे, रेबीजची तारीख बघ.

पहिले तीन-चार दिवस एक कोपरा, गोणपाट, पाणी. बस्स. गल्लीतली पोरं बघायला बोलावू नको, आंघोळ तर नकोच. बावरलेलं कुत्रं दार उघडं दिसलं की सुटतं. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढील ठेव, सैल पट्ट्यातून मुंडकं सहज निघतं. रंकाळ्याची फेरी आठवड्यानंतर.

खाणं आधीचंच ठेव, हळूहळू बदल. एकदम बदललं की जुलाब. आणि तांबड्या रश्श्याचे लाड बंद! कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजलेलं हाड चिरफळून आतड्यात टोचतं.