तोंडाला पानं आणि हातावर तुरी

चि. ईरास अनेक आशीर्वाद.

परवा आजी फोनवर म्हणाली, "बिल्डरनं शेजाऱ्यांच्या तोंडाला पानं पुसली," आणि तू मला दोन प्रश्न टाकलेस. मराठीत फसवाफसवीला एवढे शब्द कशाला? आणि महाराज आग्र्याहून निसटले ती युक्ती, मग तू पांघरुणात टॅब लपवलास ती लबाडी कशी?

पानं पुसणं म्हणजे आशा लावून ठेवायची आणि शेवटी हाती काहीच द्यायचं नाही. वाटाण्याच्या अक्षता लावणारा निदान नकार तरी देतो. चुना लावला, गंडा घातला म्हटलं की पैसे गेले समजायचं. शेंडी लावायला मात्र एखादी थापसुद्धा पुरते, आणि मामा तर मित्रही एकमेकांना बनवतात. यातल्या बऱ्याच शब्दांत आपण फसलेल्यालाच हसतो, ते मला आवडत नाही. लोक हसतील म्हणून म्हातारी माणसं तक्रारच करत नाहीत.

दगा दिला, केसानं गळा कापला, इथे मात्र कोणी हसत नाही. कारण समोरच्यानं विश्वास टाकलेला असतो. तू "झोपते गं" म्हणालीस, मी दिवा मालवून गेले. म्हणून लबाडी. (दगा म्हणण्याइतकं काही झालेलं नाही, घाबरू नकोस.)

आग्र्यात विश्वासाचा प्रश्नच नव्हता. महाराजांना मानानं बोलावलं आणि दरबारात अपमान करून नजरकैदेत ठेवलं. बाहेर फुलादखानाचा पहारा. महाराजांनी आजारपणाचं सोंग घेतलं, मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ लागले, पहारेकरी तपासून तपासून कंटाळले. 17 ऑगस्ट 1666 ला महाराज निसटले, तेव्हा त्यांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन पडला होता, अंगठीचा हात तेवढा बाहेर ठेवून, असं सांगतात. याला म्हणायचं हातावर तुरी देणं. तुरी द्यायच्या त्या पकडून ठेवणाऱ्याच्या हातावर. आईच्या नाही.

पांघरूण तुम्हा दोघांच्याही गोष्टीत आहे, हे तू म्हणशीलच. ऐकून घेतलं.

मला स्वतःला जास्त चटका लावते ती तोतयाची गोष्ट. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते गेले हे मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे एक माणूस "मीच भाऊ" म्हणत उभा राहिला. लोकांना भाऊ परत यायला हवेच होते, त्यामुळे त्याच्यामागे माणसं जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. 1776 मध्ये त्याला पकडून देहदंड दिला. एवढ्या लोकांना त्यानं फसवलं, की त्यांना फसायचंच होतं? मला अजून ठरवता येत नाही.

तोतये आजही आहेत, फक्त आता पोलीस म्हणून येतात. "मावशी, पुढे चोरी झालीय, दागिने काढून या कागदात बांधा," म्हणतात आणि पुडी बदलून परत देतात. घरी येऊन उघडावी तर आत खडे. आजी रोज सकाळी पाटल्या घालून देवळात जाते. रविवारच्या फोनवर हे तिला तूच सांग, माझं ती ऐकत नाही.

तुझी,
आई