शब्द अडले म्हणून शास्त्र सोडू नये

पत्र : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. आता ती बारावी शास्त्र शाखेत आहे आणि तिला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करायचे आहे. मात्र पहिल्या चाचणीत ‘फ्लुइड्स’च्या धड्यावर तिला वीसपैकी सहाच गुण मिळाले. रसायनशास्त्राच्या वहीतही ‘फ्ल्युओरीन’, ‘फ्ल्युओरेसन्स’ या शब्दांखाली लाल रेघा आहेत. इंग्रजी शब्द पाठच होत नाहीत, असे म्हणून ती रडते. बारावीनंतर तिला कला शाखेकडे वळवावे का?
– एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत पाठवलेली उत्तरपत्रिका मी दोनदा वाचली. प्लावक बलाचे उदाहरण आपल्या मुलीने एककासह अचूक सोडवले आहे, आणि ‘हवा फ्लुइड आहे का?’ या प्रश्नाला मात्र ‘नाही, कारण ती द्रव नाही’ असे उत्तर दिले आहे. म्हणजे तिला शास्त्र कळते; तिने ‘फ्लुइड’चा अर्थ ‘द्रव’ एवढाच धरला, तिथे गुण गेले. या शब्दासाठी मराठीत ‘द्रायू’ ही संज्ञा आहे, ती ‘द्रव’ आणि ‘वायू’ या दोहोंना एकत्र कवेत घेते. हा एक शब्द तिने वहीत ‘फ्लुइड’शेजारी लिहिला, तर हवेचा प्रश्न पुन्हा चुकणार नाही.

लाल रेघांचे कारणही असेच साधे आहे. ती ‘एल’नंतर आधी ‘ओ’ आणि मग ‘यू’ लिहिते, त्यामुळे पहिली पाच अक्षरे मिळून पिठाचे इंग्रजी नाव तयार होते. ही चूक पाठांतराने जात नाही, शब्दाचे कूळ कळले की जाते. लॅटिनमध्ये ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणे; त्यापासून फ्लुइड आला, आणि चुंबकीय प्रवाहासाठी ती शिकणार आहे तो ‘फ्लक्स’ही आला. धातुक वितळवताना मळी पातळ होऊन वाहावी म्हणून भट्टीत एक खनिज घालत; सोळाव्या शतकात अ‍ॅग्रिकोला या जर्मन खनिजतज्ज्ञाने त्याची नोंद केली. तेच फ्लुओरस्पार. त्यातील मूलद्रव्य ते फ्ल्युओरीन, जे आंरी म्वासाँ यांनी 1886 मध्ये प्रथम वेगळे केले. हे खनिज अतिनील प्रकाशात चमकते, म्हणून जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये त्या चमकेला ‘फ्ल्युओरेसन्स’, म्हणजे आपले अनुस्फुरण, हे नाव दिले. फ्लुइडची ‘एफ, एल, यू’ ही तीन अक्षरे या साऱ्या शब्दांच्या आरंभी त्याच क्रमाने येतात, हे तिला एकदा दाखवा. श्यानतेच्या, म्हणजे द्रायूच्या वाहण्याला आतूनच होणाऱ्या विरोधाच्या, पाठात ज्यांचा नियम आहे ते स्टोक्सही हेच, हे कळल्यावर तिला आनंद होईल असे मला मनापासून वाटते.

कला शाखा उत्तमच आहे, पण तिकडे आवडीने जावे, शब्दांच्या भीतीने नव्हे. तिने निवडलेल्या क्षेत्रात तर ‘फ्ल्युओरेसन्स’ हाच शब्द रोज हाताशी असतो. क्षयरोगाच्या तपासणीत थुंकीचा नमुना ऑरामाइन रंगाने रंगवून अनुस्फुरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर जंतू पिवळसर चमकतात. कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेली आरटी-पीसीआर चाचणीही अनुस्फुरणाचीच वाढ मोजते, आणि त्याच तत्त्वावर चालणारे, क्षयाच्या निदानासाठी वापरले जाणारे ‘ट्रूनॅट’ उपकरण गोव्यातील कंपनीने विकसित केले आहे. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान शिकलेल्यांना अशा प्रयोगशाळांत काम मिळते.

आता करावयाचे काम. एक वेगळी वही घालून तीत शब्द वर्णानुक्रमाने न लिहिता कुळानुसार लिहावेत : इंग्रजी शब्द, मराठी संज्ञा, आणि स्वतःच्या भाषेत एक वाक्य. रोज पाच शब्द पुरेत. श्यानतेसाठी तीन उंच पेल्यांत पाणी, गोडे तेल आणि काकवी घेऊन प्रत्येकात एकेक गोटी सोडावी, ती तळाला जायला किती वेळ लागतो ते मोजावे, आणि निरीक्षण आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहावे. घाईने महागडा इंग्रजी संभाषण वर्ग लावू नका; तिची अडचण संभाषणाची नाही. ती ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणार असेल तर प्रश्नपत्रिकेसाठी मराठीचा पर्याय मिळतो, मात्र भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच प्रमाण मानला जातो, म्हणून संज्ञा दोन्ही भाषांत यायला हव्यात.

पुढच्या चाचणीनंतर ती वही आणि नवी उत्तरपत्रिका मला पाठवावी. प्रवेशाच्या महाविद्यालयांविषयी आपण त्यानंतर बोलू.